जुने कपडे, तुटकी खेळणी आणि आमच्या वर्गाचा धडा



'दानाचे महत्त्व' हा निबंध आपण दरवर्षी देतो. मुलं दहा-बारा ओळी लिहितात, 'आपण गरिबांना जुने कपडे द्यावेत' असं एक वाक्य त्यात हमखास येतं, आपण बरोबरची खूण करतो आणि वही पुढे सरकते. मीही कित्येक वर्षं अशाच खुणा केल्या. आज त्या एका वाक्याबद्दलच लिहायचं आहे, कारण आमच्या सावद्याच्या शाळेत ते वाक्य आम्हाला प्रत्यक्ष करून बघावं लागलं.

गोष्ट फेब्रुवारी २०२३ ची. ६ तारखेला तुर्की आणि सीरियात मोठा भूकंप झाला, ७.८ मॅग्निट्यूडच्या आसपासचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परिपाठात एका मुलाने पेपरातली बातमी वाचून दाखवली. आपल्या देशाने 'ऑपरेशन दोस्त' नावाने एनडीआरएफची पथकं पाठवली, लष्कराने तिथे दवाखाना उभारला, असं सगळं त्यात होतं. सोबत एक फोटो होता. ढिगाऱ्यातून काढलेलं एक लहान पोर, अंगावर सोनेरी-चंदेरी कागदासारखं काहीतरी गुंडाळलेलं. तिकडे तेव्हा बर्फ पडत होतं.

परिपाठ संपला तरी पोरं त्या फोटोभोवती उभीच. एकजण म्हणाला, "मॅडम, आपण कपडे पाठवू ना त्याले."

दुसरी म्हणाली, "अन् खेळणी बी. त्याचं घर पडलं, म्हणजे खेळणी बी गेली."

मी म्हटलं, "अरे, तुर्की फार लांब आहे."

त्यावर मागच्या बाकावरचा, ज्याचे वडील केळीच्या गाड्या भरतात, तो उठला. "मॅडम, इराणले आपली केयी जातात. नकाशात इराणच्या बाजूलेच तुर्की आहे. केयी जातात तं कपडे काहून नई जाणार?"

आता याला काय उत्तर द्यायचं? नकाशा मीच शिकवलेला. आणि आपल्या रावेर-सावद्याकडची केळी खोक्यांत भरून, थंड कंटेनरमधून मुंबईजवळच्या बंदरात आणि तिथून आखाती देशांकडे जातात, हे इथल्या पोराला पुस्तकात वाचावं लागत नाही. मी हो म्हटलं. खोकीही केळीचीच आली, रिकामी, नवीकोरी.

चार दिवसांत अकरा खोकी भरली. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. मलाही मनातून बरं वाटत होतं. पाचव्या दिवशी व्हरांड्यात सतरंजी अंथरून आम्ही ती उघडली.

मोजलेले आकडे वहीत आहेत, म्हणून सांगते. एकूण २१४ कपडे निघाले. त्यात तिकडच्या थंडीत उपयोगी पडतील असे गरम कपडे ९. बाकी सुती बंड्या, लग्नात एकदा घातलेले चमकीचे घागरे, चेन तुटलेल्या पँटी, एकेकटे मोजे, नायलॉनच्या साड्या, आणि बरेच शर्ट केळीच्या चिकाचे. केळीच्या भागातल्या लोकांना हे सांगायला नको. घड कापताना चीक कपड्यावर पडला की काळपट तपकिरी डाग पडतो, तो मरेपर्यंत जात नाही. म्हणून कापणीचे कपडे वेगळेच असतात. ते कपडे लोकांनी भूकंपाला दिले होते. खेळण्यांत हात नसलेली बाहुली, चाकं नसलेल्या सहा गाड्या, सेल संपून आत पाझरलेला एक रोबो, अर्ध्या सोंगट्यांचा कॅरम.

मुलं गप्प झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे तं आपण फेकतो ते आहे."

मला एकदम माझी आई आठवली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. गावोगावी मदत गोळा होत होती. आमच्या गल्लीतही ट्रक आला. मी ट्रंकेतून माझे आखूड झालेले, उसवलेले फ्रॉक काढून ठेवले. आईने ते बघितले आणि बाजूला केले. म्हणाली, "हे पोतेऱ्याले ठेव. लोकाले द्यायचं तं धडकं द्यायचं." आणि तिने स्वतःचं एक धडकं लुगडं आणि घरातली दोनपैकी एक चादर दिली. आमच्याकडे फार काही नव्हतं. त्या हिवाळ्यात आम्ही तिघी बहिणी एका गोधडीत निजलो, हे मला चांगलं आठवतं. चिडचिडही आठवते.

पुढे मोठेपणी वाचलं की मोठ्या आपत्तीनंतर हेच होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून इतके जुने कपडे आले की रस्त्याच्या कडेला ढीग पडून राहिले. कोळ्यांच्या बायकांना उपयोग नाही असे कपडे, घाईने गोळा केलेले, न निवडलेले. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' या संस्थेने तेव्हा ते ढीग उचलून निवडण्याचं काम केलं. ही संस्था १९९९ मध्ये त्यांनी घरच्या ६७ कपड्यांपासून सुरू केली होती, आणि २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं एक तत्त्व मला फार पटतं. ते कपडा फुकट वाटत नाहीत. गावाने विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडा घ्यावा. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

मान खाली जाणं म्हणजे काय, हे मला त्याआधी एका मुलीने शिकवलं होतं. ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

२०१८ ची दिवाळी. तेव्हा शहराशहरांत 'माणुसकीची भिंत' सुरू झाली होती. नको असेल ते द्या, हवं असेल ते घेऊन जा. मीही शाळेच्या एका भिंतीला खिळे ठोकून घेतले, कपडे लटकवले, फोटो काढून ग्रुपवर टाकले. माझ्या वर्गात तेव्हा सातपुड्यातून आलेल्या पावरा कुटुंबातली एक मुलगी होती. आईवडील केळीच्या मळ्यात कामाला, शेतातच झोपडी. मीच भिंतीवरचा एक पिवळा फ्रॉक काढून तिला दिला. "छान दिसेल तुला," म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती घालून आली. खरंच छान दिसत होती.

मधल्या सुट्टीत वर्गातलीच दुसरी मुलगी ओरडली, "अय्या, हा तर माझा फ्रॉक! याच्या खिशाला मम्मीने टाका मारलाय बघ." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळ्या पोरी खिसा बघायला जमल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फ्रॉक धुऊन, घडी घालून भिंतीच्या खिळ्याखाली ठेवलेला होता. मुलगी आली नाही. आठ दिवस आली नाही. शेवटी मी मळ्यात गेले. तिच्या आईने चूल पेटवली, कोरा चहा केला, वाटीत शेंगा ठेवल्या. मी फ्रॉकचा विषय काढला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, आम्ही मागितला नव्हता."

मी कोरा चहा प्याले, शेंगा खाल्ल्या. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. परत येताना गाडीवर लक्षात आलं की तिने दिलेलं मी घेतलं ते किती सहज, कारण तिने ते पाहुणी म्हणून दिलं. मी दिलेलं मात्र तिच्या मुलीला अंगावर घालून सगळ्यांसमोर मिरवावं लागलं. मुलगी नंतर शाळेत आली, पण माझ्याशी पहिल्यासारखी बोलली नाही. पुढच्या वर्षी ती माणसं दुसऱ्या शिवारात निघून गेली. भिंतीचे खिळे मी काढून टाकले.

तर २०२३ मध्ये ती अकरा खोकी समोर होती, आणि या खेपेला मला घाई करायची नव्हती. टपाल कार्यालयात चौकशी केली, कुरिअरवाल्याला विचारलं. खोकं परदेशी पाठवायचं भाडं आतल्या मालाच्या किमतीच्या कितीतरी वर जात होतं. वर कस्टम, यादी, आणि तिकडे पोहोचल्यावर निवडायला माणसं. जिथे रस्तेच फुटलेत तिथे आपला चमकीचा घागरा कोण निवडत बसणार? औषधाची गाडी आणि घागऱ्याचं खोकं एकाच रस्त्याने जातं, हे मुलांना सांगितल्यावर लगेच कळलं. त्यांनी केळीच्या हंगामात काट्यावर लागलेल्या गाड्यांच्या रांगा बघितलेल्या आहेत.

मग भूगोलाचे चार तास आम्ही 'जुना कपडा कुठे जातो' या एकाच विषयावर घालवले. पाठ्यपुस्तकात हा धडा नाही, पण घेऊन बघा, वर्ग हलत नाही.

सुरुवात बोहारणीपासून केली. डोक्यावर पाटी घेऊन 'जुन्या कपड्यावर भांडी' ओरडत येणारी बोहारीण सगळ्यांच्या ओळखीची. ती नेलेले कपडे शिवून-धुऊन बाजारात पुन्हा विकले जातात, आणि अगदीच चिंध्या झालेले पुसायला कारखान्यांत-गॅरेजात जातात. म्हणजे आपण फेकतो म्हणतो, ते कुणाच्या तरी पोटापाण्याचं साधन असतं.

मग नकाशावर हरियाणातलं पानिपत दाखवलं. मुलांना पानिपत म्हणजे १७६१ आणि सदाशिवरावभाऊ. पण आज त्याच पानिपतात युरोप-अमेरिकेतले टाकून दिलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी येतात. बटणं-चेन काढून, रंगावर निवडून, फाडून त्यांचा पुन्हा धागा करतात आणि त्याच्या स्वस्त घोंगड्या विणतात. आणि या घोंगड्या जगभर आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जातात. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, गोऱ्याचा कोट फिरून फिरून घोंगडी होतो." अगदी बरोबर. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी करतात, तसंच, फक्त यंत्रावर.

मग गुजरातमधलं कांडला. तिथे परदेशी जुने कपडे निवडून आफ्रिकेकडे पाठवणारे उद्योग आहेत. केनियात या जुन्या कपड्यांना 'मितुम्बा' म्हणतात, मूळ अर्थ गाठोडी. घानात अक्रा शहरात त्यांचा प्रचंड बाजार भरतो, आणि लोकांनी त्या कपड्यांना नाव दिलंय ते 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' अशा अर्थाचं. इतके चांगले कपडे कुणी जिवंतपणी टाकून देईल, यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना! श्रीमंत देशातला माणूस दानपेटीत कपडा टाकतो तेव्हा त्याला वाटतं, तो एखाद्या उघड्या पोराच्या अंगावर जाईल. त्यातला बराचसा व्यापारात जातो, वजनावर विकला जातो. आफ्रिकेत गरिबाला त्यामुळे स्वस्तात कपडा मिळतो, हजारो विक्रेत्यांचं पोट भरतं. पण तिथल्या शिंप्याला आणि गिरणीला फुकटात आलेल्या मालाशी टक्कर द्यावी लागते. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी हा माल हळूहळू बंद करायचं ठरवलं. रवांडाने कर वाढवला, तेव्हा अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांची व्यापारी सवलत थांबवली. नको असलेलं दान नाकारायलाही किंमत मोजावी लागते, हे मुलांना जितकं नवीन होतं तितकंच मलाही.

एवढं सगळं झाल्यावर वर्गात एक धोका दिसला. काही मुलं म्हणू लागली, "म्हणजे द्यायचंच नाही का?" हा निष्कर्ष निघू नये म्हणून मी त्यांना कोल्हापूरची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या लाखो लोकांना रशियाने सैबेरियाकडे हाकललं होतं. तिथून सुटलेली बायका-पोरं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये पोलिश मुलांना आसरा दिला. आणि आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यात मुख्यतः बायका आणि मुलं. शाळा, दवाखाना, चर्च, सगळं तिथे उभं राहिलं. ती मुलं तिथे पाच वर्षं शिकली, खेळली, मोठी झाली. २०१९ मध्ये त्यातली काही म्हातारी माणसं पुन्हा वळिवड्याला येऊन गेली. आणि पोलिश लोक गेल्यावर ती वसाहत रिकामी राहिली नाही. फाळणीत घरदार गेलेले सिंधी लोक तिथे आले. तेच आजचं गांधीनगर, कपड्यांची मोठी घाऊक बाजारपेठ. निर्वासित म्हणून आलेल्यांनी वसवलेल्या गावातून आज लोक दिवाळीचे कपडे घेतात.

पुढे २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा आपले वैद्यकीय शिकणारे कितीतरी विद्यार्थी पोलंडची सीमा ओलांडून तिथून विमानाने घरी आले. मुलांना हे आठवत होतं, टीव्हीवर बघितलेलं.

"त्यांनी तुर्कीसारखे खोके नव्हते पाठवले," आमचा केळीवाला म्हणाला. "जागा दिली."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं. गरज काय आहे ते आधी बघायचं. कधी जागा, कधी पैसा, कधी कपडा.

मग वर्गाने ठरवलं, मी फक्त वही सांभाळली. कपड्यांचे तीन ढीग केले: धडके, दुरुस्त होणारे, आणि चिंध्या. धडके ६१ आणि दुरुस्त होणारे ४०-४५. मुलांनी बटणं लावायला, तुरपाई करायला शिकून घेतलं, मुलग्यांनीसुद्धा. दोन पालक शिलाई मशीन घेऊन शनिवारी आले. मग आठवडे बाजारात मुलांनी पथारी लावली, 'कोणताही कपडा दहा रुपये'. फुकट ठेवायचं नाही, हे मी ठरवलं होतं आणि का ते मुलांना सांगितलंही होतं. त्या मुलीचं नाव न घेता.

तिथे मी जे बघितलं ते विसरणार नाही. मळ्यात काम करणाऱ्या बायका आल्या, कपडे उलटेपालटे करून बघितले, शिवण ओढून बघितली, आणि भाव केला. "दहा काहून? ही बाही उसवेल. सातले दे." पोरांनी आठला दिला. बाई पदराच्या गाठीतून पैसे काढून, कपडा पिशवीत कोंबून, पुढे मेथी घ्यायला गेली. कुणी तिच्याकडे बघितलंही नाही. ती गिऱ्हाईक होती. त्या दिवशी मला २०१८ च्या पिवळ्या फ्रॉकचं थोडं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सगळं नाही.

एकूण ८१५ रुपये झाले. त्यात मुलांच्या खाऊचे आणि शिक्षकांचे मिळून २,३४० रुपये जमले. मुख्याध्यापकांच्या संमतीने ते मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भूकंप निधीत भरले आणि पावती वर्गात चिकटवली. रक्कम लहान आहे, हे मुलांनाही कळत होतं. नऊ गरम कपडे इथल्याच ऊसतोड आणि मळ्याच्या कामगारांच्या बाळांसाठी आशाताईंच्या हाती दिले, घरोघर कुणाला काय लागतं ते त्यांना ठाऊक. चिंध्यांच्या तीन आज्यांनी मिळून दोन गोधड्या शिवल्या, त्या अंगणवाडीत दुपारी झोपणाऱ्या बाळांखाली गेल्या. गाड्यांना एका गॅरेजवाल्या पालकाने चाकं बसवली. खेळणीही अंगणवाडीलाच दिली, कुणा एकाला नाही. सगळ्यांची असली की ती कुणाचीच जुनी राहत नाहीत.

शेवटी एक प्रश्न मात्र राहिलाच. ज्या मुलीने पहिल्या दिवशी खेळण्यांचं नाव काढलं होतं, तिने विचारलं, "मग मॅडम, त्या पोराले खेळणं नाहीच भेटणार?"

मी म्हटलं, पैसे गेलेत, त्यातून तिथलीच माणसं तिथल्याच दुकानातून काहीतरी घेतील. तिला ते पुरेसं वाटलं नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची, दोन्ही हात असलेली बाहुली आणली. पाठवता येत नाही हे माहीत असून आणली. मी तिला परत घेऊन जायला सांगितलं नाही. ती आता आमच्या अंगणवाडीत आहे, आणि तिचं नाव पोरांनी 'तुर्की' ठेवलंय.

ज्यांना शाळेत असा उपक्रम घ्यायचा असेल त्यांच्यासाठी, आमच्या चुकांतून काढलेल्या काही गोष्टी:

१. गोळा करायच्या आधी विचारा, नेमकं काय लागतं आणि कुणाला. यादी करूनच सूचना काढा.

२. घरून कपडा धुऊन, बटणं लावून आणायला सांगा. "हा मी स्वतः घालीन का?" हा प्रश्न मुलांना शिकवा.

३. एकाच वर्गात, एकाच गल्लीत कपडे फिरवू नका. देणारा आणि घेणारा समोरासमोर येता कामा नये.

४. कपडा देताना फोटो काढू नका. ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

५. शक्य असेल तिथे अल्प किंमत ठेवा किंवा कामाच्या मोबदल्यात द्या.

६. लांबच्या आपत्तीसाठी वस्तूंपेक्षा पैसे पाठवा, आणि पावती मुलांना दाखवा.

७. खेळणं द्यायचं तर सगळ्या मुलांना मिळून खेळता येईल अशा जागी द्या.

पालकांना एकच विनंती. पुढच्या वेळी शाळेतून 'जुने कपडे आणा' अशी चिठ्ठी आली, तर कपाटातलं नको असलेलं काढायला बसू नका. मुलाला शेजारी बसवा आणि त्यालाच निवडू द्या. तो एखादा चांगला, आवडता कपडा बाजूला काढेल, आणि आपल्या तोंडून पटकन निघेल, "अरे, तो नको, तो चांगला आहे!"

तेव्हा तेवढं थांबा.

आणि हो, त्या वर्षी मी 'दानाचे महत्त्व' हा निबंध दिला नाही. विषय दिला, 'मला कुणी जुना कपडा दिला तर'. एकाही वहीत एकसारखं वाक्य आलं नाही.